डब्यावरचे वॅट आणि माडीवरचे वॅट : सांगलीतल्या एका गायनवर्गाच्या ॲम्प्लिफायरची गोष्ट

गावभागातल्या एका वाड्याच्या माडीवर गायनवर्ग चालतो. तिथला जुना ॲम्प्लिफायर कायमचा बंद पडला. स्पीकर शाबूत होते. त्यांना चालवायला लहानसा स्टिरिओ ॲम्प्लिफायर कोणता घ्यायचा, एवढाच प्रश्न. केबल, खटके धरून खर्च पंधरा हजारांच्या आत बसवायचा होता. वर्ग चालवणाऱ्या बाई सत्तरीच्या. त्यांच्या पुण्याच्या पुतण्यानं ऑनलाइन शोधून ‘३०० वॅट × २’ असं छापलेला, तळहातावर मावेल असा डबा पक्का केला होता. खणभागातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांचं मत नेमकं उलटं. “ट्रान्सफॉर्मर नाय त्यात दम नाय बाई. मी बनवून देतो की.” बाईंना दोघांचंही मन मोडायचं नव्हतं, म्हणून मधे मला ओढलं. मी कुपवाड एमआयडीसीत पॅनेल वायरिंगचं काम करतो, मल्टिमीटर बॅगेत असतो आणि गाणं ऐकायची हौस आहे. माझी पात्रता इतकीच.

लहानच का हवा, याला सांगलीचं कारण आहे. बाईंचा जुना ॲम्प्लिफायर म्हणजे रेडिओही असलेला रिसीव्हर. तो अकरा-बारा किलोचा होता आणि तळमजल्यावर असायचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागात घराघरात पाणी शिरलं. भांडी, गाद्या, तंबोरे, वह्या वर न्यायच्या गडबडीत रिसीव्हर खालीच राहिला. पाणी ओसरल्यावर तो धुऊन, वाळवून, रिले बदलून पुन्हा सुरू केला गेला, काही वर्षं कुरकुरत चाललाही. शेवटी त्यातला एसटीकेचा मॉड्यूल, म्हणजे आवाज वाढवणारा मुख्य भाग, गेला. अस्सल एसटीके आता मिळणं मुश्किल, बाजारात नकली पुष्कळ. तेव्हा बाईंची पहिली अट वॅटची नव्हतीच. पुराचा भोंगा वाजला की एका हातात उचलून माळ्यावर टाकता आला पाहिजे, ही होती.

दुसरी अट त्यांनी वेगळ्या शब्दांत सांगितली. वर्गात विद्यार्थ्यांना जुनी ध्वनिमुद्रणं ऐकवतात. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेली, नंतरच्या काळातली मैफलीची, आणि बाईंच्या गुरूंच्या तालमीच्या कॅसेटी. मोठ्यानं लावत नाहीत. विद्यार्थ्यांनी सोबत गुणगुणावं इतपतच. “मला सूर ऐकू यायला हवा आणि सुराच्या मागची शांतता ऐकू यायला हवी,” असं त्या म्हणाल्या. हे वाक्य तेव्हा मला काव्यात्म वाटलं होतं. पण निकाल लागला तो त्याच्यावरच.

आधी स्पीकर, मग खोली

ॲम्प्लिफायरची तुलना ॲम्प्लिफायरपासून सुरू केली की घोळ होतो. आधी स्पीकरची पाठ वाचायची. बाईंचे स्पीकर शेल्फवर बसणारे, टू-वे, मागच्या पट्टीवर ६ ओहम आणि ८६ डेसिबल. मल्टिमीटरनं स्पीकरच्या आतल्या कॉइलचा रोध पावणेपाच ओहमच्या आसपास आला. तो छापील आकड्यापेक्षा थोडा कमीच येतो, त्यात काळजीचं काही नाही.

८६ डेसिबल याचा अर्थ, साधारण एक वॅट दिला तर एक मीटरवर एवढा आवाज. (काटेकोर बोलायचं तर हा आकडा बहुतेक वेळा २.८३ व्होल्टवर मोजतात. ८ ओहमला तो एक वॅट होतो, ६ ओहमला सव्वा वॅटच्या जरा वर. इथे एवढ्यानं काही बिघडत नाही.) माडी बारा बाय सोळा फुटांची, खाली-वर लाकूड, मधे सतरंजी. बाई बसतात तिथून स्पीकर नऊ फूट. उघड्या मैदानात या अंतरावर आवाज नऊएक डेसिबलनं उतरेल. बंद खोलीत भिंती साथ देतात, पाच धरू. दोन स्पीकर मिळून तीन वाढतात. म्हणजे दोघांना एकेक वॅट दिला तर बाईंच्या कानाशी ८४ डेसिबल.

आता त्या ऐकतात किती? मोबाइलमधलं आवाज मोजायचं ॲप अंदाजापुरतंच चांगलं, पण ते ७२ च्या वर सहसा जात नव्हतं. ८४ पासून १२ डेसिबल खाली. दर तीन डेसिबलला वॅट निम्मे होतात, म्हणजे चारदा निम्मे करायचे. एका वॅटचा सोळावा हिस्सा.

हा आकडा मी बाईंना सांगितला तेव्हा पुतण्या फोनवर स्पीकरफोनला होता. पलीकडे बराच वेळ काही बोलणं आलं नाही.

अर्थात गाणं सरासरीवर चालत नाही. तबल्याची थाप सरासरीपेक्षा पंधरा-अठरा डेसिबल वर उसळते. ७२ वर १८ म्हणजे ९०, त्याला लागतात चार वॅट. गुरुपौर्णिमेला माडी गच्च भरते आणि तेव्हा एखादं ध्वनिमुद्रण आणखी दहा डेसिबल वर लावायचं म्हटलं, तर चार वॅटचे चाळीस होतात. दहा डेसिबल वाढ कानाला साधारण दुप्पट मोठी वाटते, पण शक्ती दहापट लागते. या खोलीत चाळीस वॅट ही कमाल झाली. त्याच्या वरचे वॅट कागदावर राहणार.

तीन उमेदवार

फोसी, आयिमा, एसएमएसएल, टॉपिंग अशा चिनी कंपन्यांचे छोटे क्लास-डी (अतिवेगानं चालू-बंद होत वाजणारे) ॲम्प्लिफायर गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या घराघरात पोचले आहेत. नावं बदलतात, पण आतली चिप बहुतेक वेळा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या दोन-तीन चिपांपैकी एक असते. म्हणून मी नावं बाजूला ठेवली आणि चिप व अडॅप्टर एवढ्याच गोष्टी पाहिल्या.

पहिला, टीपीए३११६ चिपचा, २४ व्होल्ट साडेचार अँपियरच्या अडॅप्टरसह, ब्लूटूथ आणि बास-ट्रेबलची बटणं असलेला. ओळखीच्या एका विद्यार्थ्याकडून उसना आणला. दुसरा, टीपीए३२५५ चिपचा, ३२ व्होल्ट पाच अँपियरचा अडॅप्टर. पुतण्यानं सुचवलेला हाच. ‘आवडला नाही तर परत’ या बोलीवर मागवला. तिसरा खणभागातल्या काकांचा: दोन टीडीए७२९४, १८-०-१८ चा पाच अँपियरचा ट्रान्सफॉर्मर, मागे ॲल्युमिनियमचं हीटसिंक, सगळं पत्र्याच्या नीटस कॅबिनेटमध्ये. हा क्लास-एबी, म्हणजे स्विचिंग नसलेला जुन्या पद्धतीचा. काकांनी एका मंडळासाठी बनवलेला तयार होता, तोच ऐकायला दिला.

तिघांच्याही पेटीवरचे आकडे मोठे होते. पहिल्यावर १०० × २, दुसऱ्यावर ३०० × २, आणि काका तोंडी सांगत होते शंभर-शंभर. हे आकडे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. या जातीच्या क्लास-डी डब्यांत स्पीकर दोन्ही टोकांनी चालवला जातो, आणि त्याच्यावर पडणारं व्होल्टेज अडॅप्टरच्या व्होल्टेजपलीकडे जाऊ शकत नाही. व्होल्टेजचा वर्ग करा, स्पीकरच्या ओहमच्या दुपटीनं भागा. २४ चा वर्ग ५७६, भागिले १२, म्हणजे ४८ वॅट. गळती वजा जाता चाळीस धरा. ३२ चा वर्ग १०२४, भागिले १२, म्हणजे ८५. त्यातही अडॅप्टर एकूण १६० वॅटचा. दोन्ही बाजू एकदम तारस्वरात गेल्या तर प्रत्येकी सत्तरच्या आसपासच मिळणार. १६० वॅटच्या अडॅप्टरमधून ६०० वॅट काढणारा अजून जन्माला यायचा आहे.

मग ३०० आले कुठून? चिपच्या माहितीपत्रकात आकडा आहे ३१५ वॅटचा. पण तो चार ओहमच्या भारावर, पन्नासच्या वरच्या व्होल्टेजला, आणि दहा टक्के विकृती मान्य करून. दहा टक्के विकृती म्हणजे स्वरलहरीचे माथे सपाट कापले गेलेले असतात. बाईंच्या कानाला त्याच्या कितीतरी आधी खुपलं असतं. टीपीए३११६ चंही तसंच, माहितीपत्रकात चार ओहमला २१ व्होल्टवर पन्नास-पन्नास, तेही दहा टक्क्यांवर. काकांच्या टीडीए७२९४ ला ‘१०० व्होल्ट, १०० वॅट’ असंच बिरूद मिळालेलं आहे, पण १८-०-१८ मधून अधिक-उणे पंचवीस व्होल्ट निघतात, त्यातले तीनेक चिप खाते, उरलेल्या बावीसचा हिशेब तोच: चाळीस वॅट. गंमत अशी की पेटीवर इतकं अंतर असलेले तिघंही माडीवर गरजेपुरते किंवा गरजेहून जास्तच निघाले. वॅटवर निवड करायचा प्रश्नच उरला नाही.

माडीवर

तुलनेत सगळ्यात जास्त वेळ आवाजाची पातळी जुळवण्यात गेला, आणि जायलाच हवा. दोन ॲम्प्लिफायरपैकी एक अर्धा डेसिबल जरी मोठा वाजत असला तरी तो ‘मोठा’ वाटत नाही, ‘खुलून’ वाटतो. दुकानात फसगत होते ती इथेच. मी फोनवरून २५० हर्ट्झचा सलग सूर लावला, स्पीकरच्या दोन टर्मिनलवर मल्टिमीटर धरला आणि प्रत्येक ॲम्प्लिफायरचा आवाज दोन व्होल्टवर आणला, दोन शतांश व्होल्ट इकडेतिकडे. हे झालं एक दशांश डेसिबल. २५० हर्ट्झच का, तर साधे मल्टिमीटर वरच्या कंपनसंख्येला खोटं बोलू लागतात. दोन व्होल्टला सूर भलताच कर्कश वाजतो, बाई तेवढा वेळ खाली चहा करायला गेल्या. नंतर फोनवरून आवाज खाली घेतला, ॲम्प्लिफायरच्या बटणांना हात लावला नाही.

बाई वर आल्या आणि यंत्रांकडे पाठ करून बसल्या. एक विद्यार्थिनी स्पीकरच्या तारा या यंत्रातून त्या यंत्रात बदलत होती. खाँसाहेबांची तबकडी, मग एक अलीकडचा ख्याल, मग नुसता तंबोरा.

तबकडीवर तिघांत काही फरक नाही. त्या काळच्या मुद्रणात पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर फारसं काही नसतंच, वर असते ती सुईची खरखर. ख्यालावरही बाईंनी दोनदा अंदाज केला, दोन्ही चुकले. मिरजेचा तंबोरा मात्र इमानदार साक्षीदार आहे. जवारी नीट लागली असली की एका तारेतून किती स्वर उमटतात ते तिथे ऐकायला मिळतं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा बाईंना केवढा अभिमान आहे ते त्यांच्या भिंतीवरच्या कात्रणावरून कळतं. तर तंबोऱ्यावर बाई म्हणाल्या की दुसरा आणि पहिला सारखेच, तिसरा ‘जरा जाड’. तो जाडपणा कशाचा, हे पुढच्या दोन मिनिटांत कळलं.

कारण बाईंनी मुद्रण थांबवायला सांगितलं, पण यंत्र बंद करू दिलं नाही. शांत बसल्या. दुपारची वेळ, गल्लीत कुणी नाही.

तिसऱ्यातून हलका घूं येत होता. स्पीकरमधून थोडा, आणि पेटीतून त्याहून जास्त. ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्यांचा. तो शंभर हर्ट्झचा घूं तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेच्या शेजारीच येऊन बसतो, म्हणून तंबोरा जाड वाटत होता. भिंतीवरच्या सॉकेटला मीटर लावलं तर २४८ व्होल्ट. दुपारी भार कमी असला की गावभागात व्होल्टेज असं चढतं, आणि ट्रान्सफॉर्मरला व्होल्टेज जास्त झालं की तो जास्त गुणगुणतो. संध्याकाळी तेच २०० च्या खाली येतं, तेव्हा घूं कमी होतो पण वॅटही उतरतात. घरच्या इन्व्हर्टरवर लावला तेव्हा तर तो चक्क करवादला, कारण जुन्या इन्व्हर्टरची लहर सायन, म्हणजे गुळगुळीत नागमोडी, नसते. दोन्ही क्लास-डी डब्यांचे अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टचे, त्यांना यातलं काहीच जाणवलं नाही. २४८ हे त्यांच्या छापील मर्यादेच्या जरा बाहेर आहे, पण तेवढी सवलत त्यांच्यात असते.

पहिल्यातून सीऽऽ असा बारीक आवाज. बाई म्हणाल्या, “लांब कुठंतरी कौलांवर पाऊस पडतोय तसं.” आवाजाचं बटण शून्यावर नेलं तरी तो तसाच. म्हणजे तो बटणाच्या पुढचा, चिपच्या स्वतःच्या वर्धनाचा (सिग्नल किती पट वाढवायचा त्याचा). टीपीए३११६ ला २०, २६, ३२ आणि ३६ डेसिबल अशा चार पायऱ्या असतात, बोर्डावरच्या रेझिस्टरनं ठरतात. मोबाइलच्या क्षीण सिग्नललाही जोरात वाजावं म्हणून बनवणारे वरची पायरी ठेवतात, आणि सोबत चिपची सळसळही तितकीच मोठी होते. रेझिस्टर बदलून ती खाली आणता आली असती. उसन्या यंत्रावर डाग देणं मला पटलं नाही. ऐंशी डेसिबलच्या पार्टीत हा आवाज कुणाला ऐकू येणार नाही. पण इथे ऐकणं चालतं एका वॅटच्या सोळाव्या हिश्श्यावर, आणि मींडेच्या शेवटी सूर विरतो तेव्हा त्याहून कितीतरी कमीवर.

दुसऱ्याला स्पीकरच्या ट्विटरला कान लावला तरच काहीतरी ऐकू येत होतं. बाईंच्या जागेवरून काहीच नाही. त्या थोडा वेळ बसल्या आणि म्हणाल्या, “हा चालू आहे ना?”

क्लास-डीच्या एका खोडीचाही शोध घेतला होता, ती इथे त्रासदायक निघाली नाही. आतली स्विचिंगची कंपनसंख्या गाळायला टोकाला कॉइल आणि कपॅसिटर असतात, आणि बऱ्याच स्वस्त डब्यांत स्पीकरच्या ओहमप्रमाणे अगदी वरच्या पट्टीचा आवाज थोडा चढतो किंवा उतरतो. फोसीच्या व्ही३ मोनोसारख्या यंत्रांत फीडबॅक गाळणीच्या पुढून घेऊन हे काढून टाकलेलं असतं. फरक दिसतो तो पंधरा-वीस हजार हर्ट्झच्या टापूत. सत्तरीत ते कुणाला ऐकू येत नाही. वर्गातल्या बारा वर्षांच्या पोरीला येत असेल, पण तिनं तक्रार केली नाही.

एक लहान कटकट मात्र दोन्ही डब्यांची सारखी: बाईंचा मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर शेजारी ठेवला की त्यात शिट्टी येते. स्विचिंग काही लाख हर्ट्झला चालतं, मीडियम वेव्ह तिथूनच सुरू होतो. ट्रान्झिस्टर खिडकीत हलवला.

तीन तारांची अडचण

हिशेब इथे संपला असता. पण वाड्यात आणखी एक स्पीकरची जोडी आहे, खाली ओसरीलगतच्या खोलीत. बाईंची जाऊ तिथे बसून ऐकते. माडीवरच्या खोक्यात एक खटका आहे, वर किंवा खाली किंवा दोन्ही. ती वायरिंग कुणी, केव्हा केली कुणालाच आठवत नाही, पण करणाऱ्यानं तार वाचवली होती. खाली तीनच तारा जातात: डाव्याची एक, उजव्याची एक, आणि दोघांची मिळून एक काळी.

नवीन यंत्र जोडायच्या आधी मी खटक्याच्या खोक्यात मीटर लावला. डावी काळी आणि उजवी काळी, बीप. एकमेकांना जोडलेल्या.

जुन्या रिसीव्हरला आणि काकांच्या यंत्राला हे चालतं, कारण त्यांच्या दोन्ही काळ्या आतून अर्थलाच, म्हणजे शून्य व्होल्टला, असतात. क्लास-डी डब्यात काळं टर्मिनल अर्थ नाहीच. लाल टोक वर जातं तेव्हा काळं खाली जातं, दोन्ही जिवंत. डाव्या-उजव्याच्या काळ्या एकत्र केल्या म्हणजे दोन वेगवेगळे जिवंत आउटपुट एकमेकांवर लादले. नशीब चांगलं असेल तर संरक्षण लागून यंत्र गप्प बसतं, नसेल तर चिप जाते. काही सबवूफर स्पीकरच्या तारांवरून सिग्नल घेतात, त्यांतल्या काहींचीही काळी एकत्र असते, तिथेही हाच धोका. या डब्यांच्या माहितीपत्रकात हे एका ओळीत, बारीक अक्षरात असतं आणि ‘३०० वॅट’ ठळक असतं. माझ्या मते उलटं असायला हवं.

म्हणजे क्लास-डी घ्यायचा तर खालची वायर बदलणं आलं, काकांचा घ्यायचा तर नाही. काकांनी हा मुद्दा बरोबर पकडला. “बघा, जुन्या घराला जुनंच लागतं.” त्यांचा दुसरा मुद्दा त्याहून भक्कम होता. टीडीए७२९४ ला पंधरा पाय, साधी डिसोल्डरिंगची पंपी आणि चाळीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न असलं की अर्ध्या तासात नवा बसतो. टीपीए३२५५ ला चव्वेचाळीस बारीक पाय, तो हॉट एअरशिवाय निघत नाही, आणि खणभागात कुणी त्याला हात लावायला धजत नाही. “ह्यो गेला की फेकायचा. माझा गेला की माझ्याकडं आणायचा.” हे खरं आहे, आणि बाईंच्या पिढीला फेकणं जमत नाही.

माझं उत्तर असं होतं की असल्या डब्यात आधी जाण्याची शक्यता अडॅप्टरची, आणि अडॅप्टर बदलणं यातलं सगळ्यात सोपं काम. टीपीए३२५५ चा हा डबा २४ ते ४८ व्होल्टपर्यंत काहीही खातो. कुपवाडात प्रत्येक पॅनेलमध्ये २४ व्होल्टचा एसएमपीएस (असाच वीज पुरवणारा डबा) असतो. त्याहून जवळ पाहायचं तर घरोघरी पाण्याच्या आरओ मशीनला २४ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, तो गल्लीतल्या आरओवाल्याकडेही मिळतो. अडीच अँपियरचा म्हणजे साठ वॅटचा. हे नुसतं सांगून भागणार नव्हतं, म्हणून बाईंच्या आरओचाच अडॅप्टर काढला, मीटरवर मधली पिन अधिक असल्याची खात्री केली, पिन जुळवून लावला. वर्गाच्या आवाजात तंबोरा, ख्याल, तबला, सगळं जसंच्या तसं. काकांनी स्वतः आवाजाचं बटण फिरवून पाहिलं. “वाजतंय की,” एवढं म्हणाले आणि तपकिरीची डबी काढली.

काय ठरलं

दुसरा घेतला. पुतण्यानं सुचवलेलाच, पण त्यानं सांगितलेल्या कारणासाठी नाही. त्याला सोबत ४८ व्होल्टचा अडॅप्टरही घ्यायचा होता, म्हणजे ‘पूर्ण पॉवर’. ३२ वरून ४८ वर गेल्यानं कानाला साडेतीन डेसिबल जास्त मिळतात, आणि ६ ओहमच्या स्पीकरवर दीडशेच्या पुढचे वॅट लादायची सोय होते. स्पीकरच्या पाठीवर ८० लिहिलं आहे. गुरुपौर्णिमेला एखाद्या उत्साही विद्यार्थ्यानं बटण शेवटपर्यंत फिरवलं तर वूफरची कॉइल जळायची. तो अडॅप्टर नाकारला. पुतण्या अजून नाराज आहे.

खालच्या खोलीला दीड चौरस मिलिमीटरची चार तारांची केबल टाकली. अंतर चाळीस फूट, जाऊन-येऊन तारेचा रोध ०.३ ओहमच्या आत राहतो, खालच्या स्पीकरच्या चार ओहमच्या सातेक टक्के. एक चौरस मिलिमीटरची स्वस्त पडली असती, पण ती दहा टक्क्यांवर जाते. जुना तीन तारांचा खटका काढून दोन्ही बाजूंच्या काळ्या वेगवेगळ्या तोडणारा खटका बसवला. तो बसवून दिला काकांनीच, आणि मजुरी घेतली नाही. वर आणि खाली एकदम लावायचं नाही असं बाईंना सांगितलं आहे, कारण खालचे स्पीकर चार ओहमचे आहेत आणि दोन्ही जोड्या मिळून यंत्राला अडीच ओहमही दिसणार नाहीत.

यंत्राला इनपुट एकच आहे. कॅसेट डेक आणि फोनचा डॅक (डिजिटल गाण्याचा सिग्नल करणारी डबी) यांच्यासाठी आरसीएचा साधा निवडक खटका पुढे लावला. इथे काळ्या एकत्र असल्या तरी चालतं, तो भाग अर्थचाच. डेकचा सिग्नल डॅकच्या मानानं बराच कमकुवत, त्यामुळे कॅसेटला बटण जास्त फिरवावं लागतं आणि तेव्हा ऐकू येते ती टेपची स्वतःची सळसळ. तिला ॲम्प्लिफायर जबाबदार नाही. लॅपटॉप चार्जिंगला लावून गाणं वाजवलं की स्पीकरमधून किरकिर येते, चार्जर काढला की जाते. वर्गापुरता लॅपटॉप बॅटरीवर चालवतात.

यंत्र दहा हजारांच्या आसपास, केबल, दोन खटके आणि पिना धरून एकूण तेरा हजारांच्या आत. दिवसभर चालू राहिला तरी पत्रा हाताला कोमट लागतो, एवढंच. काकांचं यंत्र मंडळाकडे गेलं, आणि मंडपात त्याचा घूं कुणाला ऐकू येणार आहे? बाईंच्या गुरूंच्या कॅसेटी फितीची गोंदखळ सुटण्याआधी संगणकात उतरवायच्या आहेत. डेकचा पट्टा ढिला झाला आहे, सूर किंचित उतरतो. तो पट्टा मिरजेत मिळतो का ते काका बघताहेत.